घाटात कॅम्परव्हॅन ओढत नाही: सायलेन्सर बदलायचा की ईसीयू रीमॅप करायचा?

फोर्स ट्रॅव्हलरवर बांधलेली कॅम्परव्हॅन आंबोलीच्या चढाला दुसऱ्या गिअरमध्ये कण्हायला लागली की मालकाला दोन सल्ले हमखास मिळतात. एक म्हणतो, सायलेन्सर काढून मोकळा पाइप टाक, पिकअप येईल. दुसरा म्हणतो, रीमॅप कर, म्हणजे इंजिन चालवणारा संगणक (ईसीयू) किती डिझेल सोडायचं हे ज्या आकड्यांवरून ठरवतो ते बदल, लॅपटॉप लावला की झालं. या दोघांत निवडायचं तर मी रीमॅपच्या बाजूने आहे, पण डोळे मिटून नव्हे.

आधी हिशेब पाहू. चार टनांची गाडी ५ टक्के चढ ताशी ४० किलोमीटरने चढते, तेव्हा नुसतं वजन वर न्यायला साधारण ३० अश्वशक्ती लागते. टायर आणि वारा यांचा विरोध धरला तरी ट्रॅव्हलरच्या २.६ लिटर डिझेल इंजिनाची ११५ अश्वशक्ती त्याला पुरून उरते. त्रास होतो तो वळणावर. वेग पडतो, आरपीएम (इंजिनाचे मिनिटाला फेरे) खाली येतं, इंजिनात जास्त हवा दाबून भरणाऱ्या टर्बोचा दाब उतरतो आणि नेमकी तिथेच गाडी मरते. म्हणजे आपल्याला हवा आहे तो कमी आरपीएमचा टॉर्क, म्हणजे फिरवणारा जोर. कमाल अश्वशक्तीचे आकडे कुणी ऐकवले तर ऐकून सोडून द्यावेत.

हा टॉर्क सायलेन्सरमधून मिळत नाही. टर्बो डिझेलमध्ये धुराच्या वाटेतला मोठा अडथळा म्हणजे टर्बाइन (टर्बोचं धुराने फिरणारं चाक), आणि बीएस-६ या प्रदूषण मानकाच्या गाडीत त्यानंतरचा डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टर. मागचा डबा बदलून पदरात पडतो तो बहुतांशी आवाज. शिवाय वाट मोकळी झाली म्हणून ईसीयू आपण होऊन जास्त डिझेल सोडत नाही. त्याच्या नकाशात, म्हणजे आकड्यांच्या तक्त्यात, लिहिलंय तेवढंच सोडतो. एक्झॉस्ट (धुराचे पाइप आणि सायलेन्सर) बदलण्याची एवढी ख्याती झाली ती अमेरिकेत. तिथल्या जुन्या मोटरहोममध्ये फोर्ड ४६० किंवा शेव्हर्ले ४५४ अशी टर्बो नसलेली अजस्र पेट्रोल व्ही-८ इंजिनं असायची आणि त्यांचे कारखान्यातून आलेले मॅनिफोल्ड (इंजिनातला धूर गोळा करणारे पाइप) खरोखरच कोंडणारे होते. तिथे हेडर (मॅनिफोल्डऐवजी बसवायचे मोकळे पाइप) आणि मोठे पाइप बसवून फरक पडायचा. आपल्या डिझेलला ते गणित लागू नाही.

डीपीएफच काढून टाकला तर थोडा फायदा दिसेल, पण तो मार्ग सरळ बेकायदा आहे. मोटार वाहन कायद्याच्या कलम १८२अ नुसार परवानगीशिवाय केलेल्या प्रत्येक बदलाला ५,००० रुपये दंड, सहा महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. आवाज आणि धुराचं कलम १९० वेगळं आहे. त्यात दंड १०,००० पर्यंत जातो. विमा कंपनीला दावा नाकारायला निमित्त मिळतं ते आणखी वेगळं.

मला याहून मोठी काळजी वाटते ती झोपण्याच्या जागेची. पाइप पलंगाखालून जातो. स्थानिक वेल्डरने जोडलेला सांधा फुटला आणि इंजिन चालू ठेवून एसी लावून कुणी झोपलं, तर कार्बन मोनॉक्साइड या विषारी वायूला ना रंग ना वास. पाइपला हात लावायचाच असेल तर फुटला, गंजला किंवा गळतोय म्हणूनच लावा, आणि मूळ मापाचाच घाला. सीओ (कार्बन मोनॉक्साइड) अलार्म मात्र दोन्ही पक्षांनी बसवावा.

आता रीमॅप. यात टर्बोचा दाब, डिझेलचं प्रमाण आणि टॉर्कची मर्यादा एकत्र बदलता येते, म्हणून चढावर फरक खरोखर जाणवतो. बाजारात मिळणारा स्वस्त ट्यूनिंग बॉक्स म्हणजे रीमॅप नव्हे. तो बऱ्याचदा रेल प्रेशर सेन्सरचा (इंजेक्टरकडे जाणाऱ्या डिझेलचा दाब मोजणारा) आकडा कमी दाखवून ईसीयूला फसवतो आणि पंपाचा दाब वाढवून घेतो. मी तो घेणार नाही.

रीमॅपची किंमत इंजिन नंतर वसूल करतं. कार दोन मिनिटं जोर लावते आणि मोकळी होते; कॅम्परव्हॅन घाटात अर्धा तास सतत लोडवर असते. एक्झॉस्टचं तापमान चढतं, क्लच प्लेट घसरायला लागते, जळका वास येतो. लडाखला जाणाऱ्यांनी तर जास्तच जपावं: लेहच्या उंचीवर हवेचा दाब समुद्रसपाटीच्या दोन-तृतीयांशाच्या आसपास असतो, आणि तेवढाच बूस्ट (हवेचा दाब) द्यायला टर्बोला खूप जास्त वेगाने फिरावं लागतं. मूळ नकाशात यासाठी असलेल्या मर्यादा ट्यूनरने उडवल्या तर टर्बो जायला एक घाट पुरतो. वॉरंटी शिल्लक असेल तर हा विषयच बंद ठेवा. बीएस-३ काळातल्या मेकॅनिकल पंपाच्या गाड्यांना रीमॅप लागूच नाही. तिथे ‘पंप वाढवून देतो’ म्हणणारा फिटर मुख्यतः काळा धूर वाढवून देतो.

ट्यूनरकडे गेलात तर टॉर्कमध्ये १०-१५ टक्क्यांवर थांबायला सांगा. डायनोवरचा (इंजिनाची ताकद मोजणारं यंत्र) आधीचा आणि नंतरचा आलेख मागा, दीड-दोन हजार आरपीएमला काय बदललं ते बघा, आणि मूळ फाइल पेन ड्राइव्हवर घ्या. सर्व्हिस सेंटरने सॉफ्टवेअर अपडेट केलं की तुमचं ट्यूनिंग पुसलं जाऊ शकतं, हेही विचारून ठेवा.

पण तिथे जाण्याआधी इंटरकूलरचे (टर्बोची हवा थंड करणारा भाग) होज फाटलेत का, एअर फिल्टर चोंदलाय का, डीपीएफ भरलाय का, हे तपासून घ्या. पिकअप गेल्याच्या कित्येक तक्रारी तिथेच मिटतात. आणि पाण्याची टाकी? दीडशे लिटर म्हणजे दीडशे किलो. घाटाच्या माथ्यावर गावात नळ असेल तर खालून भरून नेऊ नका.