परळचा पथ्याचा डबा: साडेपाच महिन्यांचा अनुभव

माझी कोल्हापूरची मैत्रीण ऑगस्टपासून परळच्या टाटा रुग्णालयात स्तनाच्या कर्करोगावर उपचार घेत आहे आणि मी मँचेस्टरला असते. सुरुवातीला मी रोज फोन करून 'आज काय खाल्लंस?' असे विचारत असे आणि रोज तिला काहीतरी खोटे सांगावे लागत असे. भोईवाड्यात भाड्याने घेतलेल्या खोलीत एकच शेगडी होती, तिचे यजमान दिवसभर रुग्णालयाच्या रांगांमध्ये अडकलेले असत आणि फोडणीचा नुसता वास आला तरी तिला उमासे येत. अशा वेळी ओळखीतून लालबागच्या एका घरगुती डबा देणाऱ्या काकूंचा क्रमांक मिळाला. त्यांचे नाव मी मुद्दाम देत नाही. त्या पंधरा-सोळा डब्यांच्या वर घेत नाहीत, आणि पुढे दोन तक्रारीही लिहिल्या आहेत.

एका वेळच्या डब्याचे १७० रुपये, पंधरवड्याची रक्कम आगाऊ, रविवारी सुट्टी, आणि काय हवे ते आदल्या रात्री आठच्या आत कळवायचे, असा एकंदर व्यवहार आहे. नेहमीच्या खाणावळीच्या मानाने हा दर जास्त वाटेल, परंतु रोजचा डबा वेगळा करून देणारे दुसरे कोणी मला सापडले नाही.

वेगळा म्हणजे काय, ते सांगायला हवे. तिची केमोथेरपीची पहिली चार सत्रे, ज्यात रुग्ण ज्याला 'लाल औषध' म्हणतात ते डॉक्सोरुबिसिन असते, एकवीस-एकवीस दिवसांनी होती, आणि त्या एकवीस दिवसांतले खाणे तीन तऱ्हांचे असते. पहिले तीन-चार दिवस मळमळीचे. साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसापर्यंत पांढऱ्या पेशी उतरतात, म्हणजे 'काउंट' कमी येतात, त्यातच तोंड येते आणि संसर्गाची भीती असते. तिसऱ्या आठवड्यात मात्र भूक परत येते आणि माणूस चवीने जेवतो. मी हे वेळापत्रक काकूंना पाठवले तेव्हा त्यांनी ते स्वयंपाकघरातल्या दिनदर्शिकेवर उतरवून घेतले आणि त्याचा फोटो मला पाठवला. पहिल्या आठवड्याला गुरगुट्या भात, मेतकूट आणि तूप. दुसऱ्याला मिरची न घालता केलेली दुधीची भाजी, मुगाच्या डाळीचे धिरडे, पूर्ण उकडलेले अंडे आणि नाचणीची खीर. चव विचाराल तर साधी आणि घरची. काकू मूळच्या मालवणच्या, त्यामुळे त्यांचा हात सारखा कोकमाकडे आणि ओल्या खोबऱ्याकडे जातो. कोकमाचे आंबट तोंडातल्या फोडांना झोंबते, हे त्यांना एकदाच सांगावे लागले. खोबऱ्याबद्दल मात्र मैत्रिणीची कुरकुर अखेरपर्यंत चालू होती. वाटणाच्या बाबतीत कोल्हापूर आणि मालवण यांचे जमणार तरी कसे!

पहिली अडचण आली ती काकूंच्या अभिमानाच्या गोष्टीतूनच. त्यांचा डबा वाफाळता येतो, आणि झाकण काढताच जो वासाचा लोट उठतो, त्यानेच तिला अन्न नकोसे होत असे. यजमान डबा गॅलरीत नेऊन उघडत, वाफ जाऊ देत आणि मग ताट आत आणत. कोमट अन्नाला वास कमी येतो, म्हणून मळमळीच्या दिवसांत भात आणि भाजी वेगवेगळ्या डब्यांत, निवल्यावर भरून पाठवावी, अशी मी विनंती केली. 'गार जेवण पाठवू म्हणता, ताई?' असे काकूंनी दोनदा विचारले, पण ऐकले. गार म्हणजे शिळे नव्हे, हेही त्यांनीच स्वतःला बजावले असावे, कारण डबा भरल्यापासून अर्ध्या तासात तो भोईवाड्यात पोचत असे.

आता तक्रारी. काउंट उतरलेले असताना कच्चे काहीही नको, असे तिच्या डॉक्टरांनी सांगितले होते. अशा कडक पथ्याने संसर्ग कमी होतोच असे अभ्यासांतून सिद्ध झालेले नाही, हे मी वाचले होते. परंतु दूर बसलेल्या माणसाने डॉक्टरांच्या सूचनेवर वाद घालू नये, म्हणून मी ती सूचना जशीच्या तशी काकूंना कळवली. कोशिंबीर बंद झाली, कांदा-लिंबाची फोड बंद झाली, आणि तरीही नवव्या दिवशी आमटीवर चिरलेली हिरवीगार कोथिंबीर भुरभुरलेली आली. कोथिंबीर हा पदार्थ नसून सजावट आहे, अशी आपली समजूत असते, तीच येथे नडली. त्या दिवशी ती दूध-बिस्किटांवर राहिली. काकूंनी चूक मान्य केली, पैसे वळते केले आणि पुन्हा असे घडले नाही.

दुसरी तक्रार मला जास्त लागली. डबा पोचवणाऱ्या मुलाने सप्टेंबरच्या अखेरीस तीन दिवसांचे राहिलेले पैसे थेट तिच्याकडेच मागितले. या डब्याला किती लागतात हे तिला कळू नये, एवढी एकच अट मी घातली होती. त्यानंतर आठवडाभर ती मला 'भूक नाही, डबा बंद कर' असे सांगत राहिली.

या दोन गोष्टी वजा करून पाचपैकी चार गुण द्यायला माझी हरकत नाही, कारण बाकीचे पारडे जड आहे. गणेशोत्सवात, नेमके तिच्या दुसऱ्या सत्रानंतरच्या दिवसांत, लालबागमधून सायकल काढणे अशक्य झाले, तेव्हा तोच मुलगा गर्दीतून पायी डबा घेऊन आला. उशीर झाला, पण खाडा झाला नाही. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी इंग्लंडमधली घड्याळे तासाभराने मागे जातात, हे मी विसरले. उन्हाळ्यात भारतातले रात्रीचे आठ म्हणजे माझे दुपारचे साडेतीन. सोमवारी मी सवयीने सव्वातीनला निरोप पाठवला तेव्हा तिकडे पावणेनऊ वाजून गेले होते. मंगळवारी नव्या औषधाचा, पॅक्लिटॅक्सेलचा, पहिला दिवस होता. इतरांना त्या दिवशी चवळीची उसळ गेली. तिच्या डब्यात मुगाची मऊ खिचडी होती. काकूंच्या दिनदर्शिकेवर ती तारीख आधीच होती.

हे औषध दर आठवड्याला, बारा वेळा घ्यायचे होते, आणि त्याने बोटांच्या टोकांना मुंग्या येऊन बधिरपणा येतो. पाचव्या-सहाव्या आठवड्यात तिला स्टीलच्या डब्याची कडी उघडेना. मी व्हिडिओ कॉलवर होते. तिने डबा पोटाशी धरला, अंगठ्याने कडी दोनदा उचलून पाहिली आणि मग तो तसाच बाजूला ठेवून हवापाण्याच्या गोष्टी सुरू केल्या. काकूंना मी एवढेच कळवले की झाकण सैल असावे. दुसऱ्या दिवसापासून तिच्यासाठी वरून नुसते उचलता येईल अशा झाकणाचे डबे आले, आणि लोखंड चघळल्यासारखी चव लागते म्हणून सोबत लाकडी चमचा. तो चमचा मी सुचवलेला नव्हता.

बारा आठवडे या महिन्यात संपले. पुढे शस्त्रक्रिया आहे, आणि त्यानंतरच्या महिन्यासाठी मी पुन्हा नाव नोंदवले. पथ्याची यादी वाचून दाखवायला मी सुरुवात केली, तर काकूंनी मध्येच थांबवले. 'कोथिंबीर नाही,' त्या म्हणाल्या, 'आणि पैशाचं पोराला सांगून ठेवलंय. पुढचं सांगा.'