दगड, रंग, कापड की लाकडी पाटी? सगळ्यांना चालता येईल असा लॅबिरिंथ निवडताना

भुलभुलैयात फाटे असतात, माणूस चुकतो. लॅबिरिंथमध्ये एकच वाट वळणं घेत मध्यापर्यंत जाते आणि त्याच वाटेने परत यायचं असतं. कर्नाटकातल्या हळेबीडच्या होयसळेश्वर मंदिरात चक्रव्यूहाच्या शिल्पात अशीच आकृती कोरलेली आहे. लॅबिरिंथमध्ये चुकायची भीतीच नाही, त्यामुळे हा प्रकार खरं तर सगळ्यांचा. तरीही बांधणी चुकली की व्हीलचेअरवरची मुलगी कडेलाच थांबते, आणि हे टाळता येतं.

सोसायटीच्या बागेत सहसा पहिला पर्याय निघतो दगड मांडून केलेल्या वाटेचा. स्वस्त पडतो, दिसतोही सुंदर. पण दगडांमधली वाट बहुधा ४०-५० सेंटीमीटरची आणि व्हीलचेअर साधारण ६५ सेंटीमीटर रुंद. वाट रुंद केली तरी वळणावर व्हीलचेअरची पाय ठेवायची पट्टी दगडाला अडते. खडीत पुढची छोटी चाकं रुततात. शिवाय मध्येच दमलेल्या माणसाला सरळ बाहेर पडता येत नाही, दगड ओलांडावे लागतात. सर्वांसाठी म्हणून हा पर्याय आम्ही सुचवत नाही.

सपाट कोब्यावर रंगवलेला लॅबिरिंथ आमच्या मते सर्वांत चांगला. रेघ जमिनीलगत असल्याने वळताना चाक शेजारच्या वाटेत गेलं तरी बिघडत नाही, आणि समोरून कोणी आलं तर बाजूला होता येतं. फ्रान्समधल्या शार्त्र कॅथेड्रलचा १३ व्या शतकातला लॅबिरिंथही असाच फरशीत सपाट बसवलेला आहे. मात्र त्याची वाट जेमतेम ३४ सेंटीमीटर, तेव्हा तो जसाच्या तसा उचलू नका. रेघेसह १.२ मीटर वाट धरा आणि मध्यभागी ३ मीटरची मोकळी गोल जागा ठेवा, म्हणजे तिथे व्हीलचेअर सहज फिरते.

या मापाने मध्याभोवतीच्या ७ वेढ्यांना सुमारे २० मीटर व्यासाची जागा लागते आणि जाऊन-येऊन जवळपास ५०० मीटर चाल होते. गुडघे दुखणाऱ्याला, श्वास लागणाऱ्याला ती जड जाते. ३ वेढे १०-११ मीटरमध्ये बसतात, जाऊन-येऊन चाल सव्वाशे मीटरच्या आसपास. जागा भरपूर असली तरी आम्ही ३ वेढेच निवडू. ज्याला हवं तो दोनदा चालेल.

कोब्याला मीटरला १ सेंटीमीटर उतार द्या, नाहीतर पावसाळ्यात पाणी साचून शेवाळ धरतं. वरचा थर लाकडी थापीने खरखरीत ठेवा; घोटून गुळगुळीत केलेला कोबा ओला झाला की पाय सटकतो. ओला कोबा काळपट पडतो आणि काळी रेघ त्यात हरवते, म्हणून रेघ पिवळी हवी, १० सेंटीमीटर रुंद. रस्त्यावर पट्टे मारतात तो रंग लावून तो ओला असतानाच त्यावर चाळलेली वाळू भुरभुरा. वाळूमुळे पांढऱ्या काठीच्या टोकाला आणि अनवाणी तळव्याला रेघ लागते, चाक मात्र अडत नाही.

कापडी लॅबिरिंथ हॉलमध्ये, एका दिवसाच्या कार्यक्रमाला ठीक. घड्यांच्या जागी सुरकुत्या उभ्या राहतात, त्यात पाय घसटणारा माणूस अडखळतो आणि छोटी चाकं कापड ओढत नेतात. चारही बाजू चिकटपट्टीने ताणून बसवल्या तरच वापरा. चप्पल काढायचा आग्रह धरू नका. कॅलिपर म्हणजे पायाला आधार देणाऱ्या पट्ट्या; त्या जोडलेले बूट सहज निघत नाहीत.

लाकडी पाटीवरच्या खाचेतून बोटाने फिरायचा लॅबिरिंथ वरच्या कोणत्याही पर्यायाची जागा घेत नाही, पण प्रत्येकासोबत हवाच. अंथरुणाला खिळलेल्या, न दिसणाऱ्या, गर्दीत गांगरणाऱ्या माणसाला तीच वाट हातात मिळते. खाच १२ मिलिमीटर रुंद, ५-६ खोल. सांधे ताठरलेल्या बोटाचं टोकही त्यातून फिरतं. कडा पॉलिश पेपरने मऊ करा, नाहीतर लाकडाचं कुसळ टोचतं. पाटी प्रवेशाजवळच ठेवा, टेबलाखाली गुडघ्यांसाठी ७० सेंटीमीटर मोकळी उंची सोडून, आणि शेजारी हात आणि पाठ असलेली खुर्ची.

कोबा ओतण्याआधी मैदानावर फक्कीने पूर्ण मापात आखणी करा आणि एक व्हीलचेअर वापरणारी, एक पांढरी काठी वापरणारी व्यक्ती बोलावून चालून बघायला सांगा. चूक निघाली तर फक्की पुसायला झाडू पुरतो.