आयटीआयचं ड्युअल: दीड वर्षानंतर एका आईचा अनुभव

मुलाला दहावीला 58 टक्के पडले. अकरावी सायन्सला त्याचं मन नव्हतं आणि खरं सांगायचं तर माझंही नव्हतं. जिल्ह्यातल्या सरकारी आयटीआयत मशिनिस्ट ट्रेडला ड्युअलची, म्हणजे थोडं आयटीआयत आणि थोडं कंपनीत शिकायची, जागा मिळाली. कोर्स दोन वर्षांचा. सुरुवातीचा काळ आयटीआयच्या वर्कशॉपमध्ये, मग काही महिने एमआयडीसीतल्या कंपनीत. आता दीड वर्ष होत आलंय, त्यातले पाच महिने कंपनीतले. सध्या बरेच पालक चौकशी करतायत, म्हणून एकदाच सगळं लिहून टाकते.

आधी एक घोळ निस्तरते. हे अप्रेंटिसशिप नव्हे. अप्रेंटिसशिप 1961 च्या कायद्याखाली येते आणि आमच्याकडची पोरं साधारणपणे आयटीआय झाल्यावर तिकडे जातात. ड्युअलमध्ये पोरगा शेवटपर्यंत आयटीआयचाच विद्यार्थी असतो, परीक्षाही तिथलीच. केंद्राने ही पद्धत 2016 मध्ये आणली, जर्मनीची बघून.

पहिलं वर्ष मला आवडलं. सुरुवातीला मशीनला हात नाहीच. लोखंडाचा एक ठोकळा, व्हाइस आणि कानस. कडा काटकोनात आणायच्या, मग गुण्या लावून उजेडाकडे धरायचं. फटीतून उजेड दिसला की पुन्हा घास. पंधरा दिवस तळहाताला फोड. दहावीला अर्धा तास एका जागी न बसणारा हा मुलगा घरी येऊन आमच्या देव्हाऱ्याला गुण्या लावून बघायला लागला (देव्हारा तिरका निघाला, सुताराला अजून सांगितलेलं नाही). व्हर्नियर हातात आल्यावर तर घरातले सगळे स्टीलचे पेले मोजून झाले. थिअरी आणि ड्रॉइंगचे तास मात्र कंटाळवाणे, असं तो म्हणतो. आणि वीस पोरांत धड चालणारी मिलिंग मशीन दोनच. नंबर येईपर्यंत जेवणाची सुट्टी व्हायची.

म्हणून कंपनीची वाट बघत होतो. तिथेच पहिला फटका बसला.

कंपनीचं नाव लिहीत नाही. कास्टिंगचं (ओतीव भागांचं) मशिनिंग करतात, शेड मोठी, मशिनी चांगल्या. पोराला उभं केलं डीबरिंगला, म्हणजे कास्टिंगच्या कडांना राहिलेली बर, म्हणजे धातूची खरखरीत धार, कानशीने काढायची. दोन दिवस ठीक, पाच आठवडे? रोज काय केलं ते लिहायला वही असते, ती मी एका रविवारी चाळली. पहिल्या दिवशी ‘बर काढणे’, आणि त्याखाली पानभर नुसती वरीलप्रमाणेची दोन टिंबं. विद्यावेतन महिन्याला पाच हजार मिळत होतं, त्यामुळे घरातल्या एकदोघांना यात काही वावगं वाटेना. मला वाटलं. या कामाला हेल्पर मिळतो, आयटीआय कशाला लागते?

ती वही घेऊनच मी आयटीआयत शिकवणाऱ्या निदेशक सरांकडे गेले. माणूस भला. त्यांनी कोणत्या आठवड्यात काय शिकवायचं त्याचा तक्ता काढला, दोन दिवसांनी स्वतः कंपनीत जाऊन आले आणि पुढच्या सोमवारी पोरगा व्हीएमसीवर, म्हणजे संगणकावर चालणाऱ्या मिलिंग मशीनवर, गेला. इतकं सोपं होतं तर आधी का नाही झालं, याचं उत्तर मला त्यांच्याशी बोलताना मिळालं. जर्मनीत पोरगा आधी कंपनीकडे अर्ज करतो, कंपनी त्याला निवडते, करार त्याच्याशी करते आणि मग शाळेत धाडते. आपल्याकडे प्रवेश आयटीआयचा आणि करार आयटीआय आणि कंपनीचा. पोरगा तिथे यादीतलं एक नाव म्हणून पोचतो. त्याला मागून घेतलेलं कुणी नसतं, मग शिकवायचं कुणी?

व्हीएमसीवर एक जुने ऑपरेटर आहेत, पोरं त्यांना मामा म्हणतात. त्यांनी शिकवलं. तिसऱ्या आठवड्यात याने ऑफसेट (हत्यार कुठवर जाईल तो आकडा) बदलताना 0.02 ऐवजी 0.2 घातलं आणि न विचारता सायकल स्टार्ट दाबलं. पृष्ठभाग जास्त घासला गेला, पीस रिजेक्ट. मामा ओरडले नाहीत. म्हणाले, ‘‘वहीत लिही. आकडा लिही, कुणाची चूक तेपण लिही.’’ ते पान मी बघितलंय. एवढं सुवाच्य अक्षर त्याने शाळेत कधी काढलं नव्हतं.

तर विचारणाऱ्यांना माझं सांगणं एवढंच: प्रवेश घेण्याआधी कंपनी कोणती आहे ते विचारा, मागच्या बॅचच्या दोन पोरांना गाठा आणि त्यांच्या वह्या बघा. माहितीपत्रकापेक्षा वही खरं बोलते. सेफ्टी शूज आम्हाला पदरचे घ्यावे लागले, बसचा पासही. रात्रपाळी नको, हे पहिल्याच दिवशी सांगून टाका, ‘बघू’वर थांबू नका. बारावीचं काय, असं सगळेच विचारतात. दोन वर्षांचा ट्रेड पास झाला आणि मंडळाचे भाषा विषय दिले की बारावीची समकक्षता मिळते. डिप्लोमाच्या थेट दुसऱ्या वर्षालाही जाता येतं.

आमच्या घरात सध्या त्यावरूनच वाजतंय. ह्यांना डिप्लोमा हवा. पोरगा म्हणतो आधी अप्रेंटिसशिप, तीही जमलं तर मामांच्याच मशीनवर. मी अजून कुणाचीच बाजू घेतलेली नाही.