पाळक-पंचांचे निवासी शिबिर: एका खजिनदाराचा अभिप्राय

नगर परिसरातील ख्रिस्ती मंडळ्यांचे (स्थानिक चर्चचे) पाळक म्हणजे धर्मगुरू, कारभार पाहणारे पंच आणि खजिनदार यांच्यासाठी भरवलेल्या ‘सेवक म्हणून पुढारपण’ या दोन दिवसांच्या निवासी शिबिराला गेल्या महिन्यात मी आमच्या मंडळीच्या वतीने गेलो होतो. राहणे-जेवणासह माणशी 700 रुपये शुल्क होते आणि त्या मानाने सोय उत्तम होती.

पहिल्या सकाळचा शास्त्रपाठ योहानकृत शुभवर्तमानाच्या 13व्या अध्यायावर झाला. येशूने शिष्यांचे पाय धुतले आणि पेत्र या शिष्याने आधी नकार दिला, तो प्रसंग त्यात आहे. ‘डीकन’ या चर्चमधील सेवकपदाच्या नावामागचा ग्रीक शब्द पंगतीत वाढणाऱ्या माणसासाठीही वापरला जाई, हे वक्त्यांनी इतक्या सोप्या रीतीने उलगडून सांगितले की पंचकमिटीच्या निवडणुकीत एकेका जागेसाठी चाललेली आमची ओढाताण मला तिथेच बसल्या बसल्या आठवली. पाळकाला आपण सहज ‘साहेब’ म्हणतो. तो शब्द मिशनऱ्यांच्या काळापासून आपल्या तोंडी बसला आहे, आणि तो सोडणे मंडळीपेक्षा पाळकांनाच अधिक जड जाईल, असे मला वाटते.

शिबिराचे खरे मोल मात्र संध्याकाळच्या उपासनेत कळले. पाय धुण्याचा विधी आमच्या मंडळ्यांत सहसा होत नाही, त्यामुळे सत्तरीला आलेले एक पाळक कमरेला पंचा बांधून घंगाळ घेऊन खाली बसले तेव्हा सभागृह एकदम शांत झाले. समोर एका खेड्यातल्या मंडळीत घंटा वाजवणारे वृद्ध काका होते. त्यांनी पाय मागे घेतले आणि म्हणाले, “साहेब, तुम्ही नका, हे काम आमचं.” पाळक म्हणाले, “पेत्रानंही नकोच म्हटलं होतं, काका.” मग त्यांनी टाचांच्या भेगांत बसलेली काळी माती अंगठ्याने हळूहळू चोळून काढली आणि बोटांच्या बेचक्यांपर्यंत पाय कोरडे केले. त्यांना कसलीही घाई नव्हती, म्हणूनच तो देखावा वाटला नाही.

दुसऱ्या दिवशी रेव्हरंड नारायण वामन टिळकांवर थोडक्यात आणि पंडिता रमाबाईंवर सविस्तर व्याख्यान झाले. मिशनची पगारी नोकरी सोडून टिळकांनी 1917 साली ‘देवाचा दरबार’ हा ख्रिस्तभक्तांचा संघ उभा केला, हा प्रसंग पगारी पाळकांपुढे सांगायला धैर्य लागते आणि वक्त्यांनी ते दाखवले. रमाबाईंनी दुष्काळातल्या निराधार मुलींना केडगावला आपल्या ‘मुक्ती’ आश्रमात आणले, साध्या बाईलाही वाचता यावे म्हणून मूळ हिब्रू-ग्रीकवरून बायबल मराठीत उतरवले आणि त्याची छपाई मुक्तीतल्याच मुली-बायकांनी केली, हे ऐकताना अनेकांचे डोळे पाणावले.

इथेच माझी मोठी तक्रार आहे. हे व्याख्यान चालू असताना स्थानिक मंडळीच्या सात-आठ बहिणी मागच्या पडवीत दीडशे माणसांच्या भाकऱ्या थापत होत्या. त्यांच्यापैकी एकीलाही आत बसता आले नाही आणि आदल्या संध्याकाळी ज्या बारा जणांचे पाय धुतले त्यांतही एकही स्त्री नव्हती. पोप फ्रान्सिस यांनी 2013 साली रोमच्या बालसुधारगृहात बारा तरुण कैद्यांचे पाय धुतले, तेव्हा त्यांत दोन मुली होत्या. पुढे 2016 साली कॅथोलिक चर्चने या विधीत स्त्रियांना घेण्याची अधिकृत मोकळीक दिली. आम्हां प्रॉटेस्टंट मंडळींना तर अडवणारा तसा नियमही नव्हता.

मंडळीचे हिशेब आणि जमिनींचे व्यवहार यांवरचे सत्र अवघ्या अर्ध्या तासात उरकले, हीदेखील गंभीर उणीव आहे, कारण मंडळीत अधिकाराचा कस लागतो तो दानपेटीच्या किल्लीपाशी, आणि तिथे पंचांनी सभासदांना हिशेब कसा द्यावा हे शिकायलाच माझ्यासारखे खजिनदार आले होते.

एवढे असूनही प्रत्येक मंडळीने आपल्या पाळकाला आणि निदान दोन पंचांना या शिबिराला पाठवावे, असे मी आग्रहाने सांगेन. पुढच्या वर्षी स्वयंपाकाची पाळी पाळक-पंचांनी घ्यावी आणि त्या बहिणींना पुढच्या रांगेत बसवावे, असे पत्र मी संयोजकांना दिले आहे व भाकरीच्या पाळीत पहिले नाव माझे लिहिले आहे.