गॅल्व्हॅनिक आयसोलेटर: डबा झकास, माहितीपत्रक इंजिनवाल्यांसाठी

आउटबोर्डवाल्या (म्हणजे इंजिन मागे बाहेरून लावलेल्या) छोट्या शिडाच्या बोटीवर ३० अँपिअरचा फेल-सेफ गॅल्व्हॅनिक आयसोलेटर, म्हणजे किनाऱ्यावरून येणाऱ्या विजेच्या अर्थ वायरमध्ये बसणारा गंजरोधक डबा, सीझनभर वापरलाय. डब्याला ४ स्टार. सोबतच्या माहितीपत्रकाला १, तोही चित्रं स्वच्छ छापलीत म्हणून.

पत्रक म्हणतं हिरवी (अर्थची) वायर इंजिन ब्लॉकच्या निगेटिव्हला न्या. अहो पण इनबोर्ड (बोटीच्या आत बसवलेलं) इंजिनच नसेल तर? त्याबद्दल एक ओळ नाही. मग लोक मनानेच काहीतरी करतात, कुणी हिरवी वायर चार्जरच्या बॉडीला लावून सोडून देतं, कुणी कीलच्या (बोटीच्या तळाच्या वजनदार कण्याच्या) बोल्टला लावतं, कुणी तांब्याची पट्टी पाण्यात सोडतं आणि वाटतं झालं अर्थिंग. नाही झालं! पाण्यातून इतका कमी करंट परत जातो की ३० अँपिअरचा ब्रेकर ढिम्म हलत नाही, आणि जो थोडाफार करंट बोटीभोवती पसरतो तो जवळ पोहणाऱ्याचा जीव घ्यायला पुरतो, गोड्या पाण्यात तर जास्तच, कारण तिथे पाण्यापेक्षा माणसाचं अंग वीज चांगली वाहून नेतं. फॉल्टचा परतीचा खरा रस्ता म्हणजे किनाऱ्याकडे जाणारी हिरवी वायर, बाकी सगळं मनाचं समाधान.

तर इनबोर्ड इंजिन नसलेल्या बोटीत एसीची अर्थ बस (वायरी एकत्र येणारी पट्टी) आणि डीसीची मेन निगेटिव्ह बस एका जागी जाड वायरने जोडायची, एबीवायसी या अमेरिकन बोट-मानक संस्थेचं ई-११ हे वायरिंगचं स्टँडर्ड एसी अर्थ आणि डीसी निगेटिव्ह जोडायला सांगतं ते याचसाठी. समजा चार्जर आतून बिघडला आणि फेज १२ व्होल्टच्या वायरिंगवर आली, तर ब्रेकर पडायला वाट हवी ना. न्यूट्रल मात्र बोटीवर हिरव्या वायरला चिकटवायची नाही, ते किनाऱ्यावरच्या सप्लायकडेच जोडलेलं असतं (आयसोलेशन ट्रान्सफॉर्मर असेल तर गोष्ट वेगळी).

आता ही जोडणी केली की दुसरं झेंगट. इलेक्ट्रिक स्टार्टच्या आउटबोर्डचा अ‍ॅल्युमिनियमचा पाय (पाण्यात राहणारा खालचा भाग) बॅटरीच्या निगेटिव्हला असतो, निगेटिव्ह हिरव्या वायरला, आणि हिरवी वायर किनाऱ्यामार्गे शेजारच्या बोटीच्या ब्राँझच्या पंख्यापर्यंत पोचते. पाण्यात सगळ्यांची मिळून एक बॅटरी तयार आणि त्यात आधी खपतात आपले अ‍ॅनोड (पायाआधी झिजावेत म्हणून लावलेले धातूचे तुकडे), मग पाय. आयसोलेटरमधले डायोड साधारण १.२ व्होल्टपर्यंतचा हा डीसी अडवतात आणि एसी फॉल्टचा करंट जाऊ देतात. फेल-सेफ म्हणजे आतलं काही जळलं तरी अर्थ तुटत नाही, स्वस्तातल्या जुन्या प्रकारात ती खात्री नाही, तिथे पैसे वाचवू नका.

बसवायला सोपा आहे, इनलेटनंतर (किनाऱ्याची केबल बोटीत शिरते ते सॉकेट) लगेच हिरव्या वायरच्या मधे. फॉल्टच्या वेळी तापतो म्हणून हवेशीर जागा बघा, कुशनखाली कोंबू नका. किनाऱ्यावरून टीव्हीची केबल आली असेल तर तिच्या शील्डमधून करंट आयसोलेटरला वळसा घालून जाऊ शकतो, हे पत्रकात चक्क लिहिलंय, त्याबद्दल अर्धा स्टार वाढवायला हरकत नाही. चेक करायचा तर आधी शोअर पॉवरची (किनाऱ्यावरच्या विजेची) केबल काढा, मग मल्टिमीटर डायोड मोडवर. आकडा हळूहळू चढत १ व्होल्टच्या आसपास थांबला पाहिजे (आतला कपॅसिटर चार्ज होत असतो, घाई करू नका), दोन्हीकडून शून्यच दाखवला तर डायोड गेले.

आउटबोर्डचा पाय कायम वर उचलून ठेवत असाल आणि निगेटिव्हला जोडलेलं दुसरं काही पाण्याखाली नसेल, तर या डब्याला तुमच्याकडे फारसं कामच नाही. तो शॉकपासून वाचवतही नाही, तो गंजासाठी आहे. पैसे एकाच गोष्टीपुरते असतील तर आधी ३० मिलिअँपिअरला पडणारा ईएलसीआय (करंट गळायला लागला की सप्लाय तोडणारा) ब्रेकर घ्या.

हां, स्टडवर लॉक वॉशर दिलेले नाहीत, वेगळे आणावे लागतात.