विजेवरच्या एकतारीसाठी भंगाराचे दुकान

मोझरीच्या गुरुकुंज आश्रमाच्या आसपासच्या गावांत राष्ट्रसंत तुकडोजी महाराजांची भजने खंजिरीवर रंगतात, पण त्या खंजिरीपुढे एकतारीचा सूर पार दबून जातो, म्हणून आमच्या मंडळासाठी विजेवरची एकतारी करायचे ठरवले आणि सामानासाठी तालुक्याच्या भंगाराच्या दुकानात तीन वेळा गेलो. मालक माणूस सज्जन. हवी ती वस्तू उघडून तपासू देतात आणि भाव वजनावर लावतात.

सर्वांत मोलाची वस्तू मिळाली ती जुन्या रिलेची, म्हणजे विजेच्या चुंबकाने चालणाऱ्या स्विचची, गुंडाळी. तिचा लोखंडी गाभा तारेखाली आणून मागे फुटक्या स्पीकरच्या चुंबकाचा तुकडा चिकटवला, की पोलादी तारेच्या कंपनाने गुंडाळीत सूक्ष्म वीजप्रवाह निर्माण होतो आणि तो अ‍ॅम्प्लिफायरला पुरतो. पितळी तार येथे चालत नाही, कारण तिच्यावर चुंबकाचा परिणाम होत नाही. दांडीसाठी जुन्या खाटेचे सागवान मिळाले. वर्षानुवर्षे वाळलेले असल्याने ते ताण सोसते.

तक्रार एवढीच, की पहिल्या खेपेची एक गुंडाळी आतून तुटलेली निघाली. तेव्हापासून गुंडाळी तुटलेली आहे का ते मोजून पाहायला मी मल्टीमीटर सोबत नेतो. घरच्या विजेमुळे सुरात मिसळणाऱ्या ५० हर्ट्झच्या घरघरीचा दोष मात्र दुकानाचा नव्हे. गुंडाळीभोवती पातळ तांब्याचा पत्रा लावून तो केबलच्या आतल्या तारांच्या जाळीच्या वेष्टनाला जोडल्यावर ती बरीच कमी झाली. तार तेवढी वाद्यांच्या दुकानातून नवीच घ्यावी, भंगारातल्या गंजक्या तारेला स्वच्छ सूर नसतो.