कोलोनचं कॅथेड्रल लेकरांसोबत: आधी मनोरा, मग खिडकी

उन्हाळ्याच्या सुट्टीत जर्मनीतल्या मामाकडे जाणारी लेकरं आता पुसद-मूर्तिजापूरकडच्या खेड्यांतूनही निघतात. विदर्भातल्या शाळा जूनच्या शेवटी उघडतात, त्यामुळे मे संपल्यावरही हाताशी दिवस उरतात. मामाकडे दोन-चार दिवस झाले की कोलोनच्या कॅथेड्रलचा, म्हणजे तिथल्या मोठ्या चर्चचा, बेत ठरतोच. ठिकाण नेण्यासारखं आहे. पण आत जायचं, हात जोडायचे, फोटो काढायचे एवढ्याच तयारीनं गेलं तर पंधरा मिनिटांत ‘चला ना आता’ सुरू होतं. सगळा खेळ क्रमाचा आहे.

मुख्य रेल्वे स्टेशनच्या दारातून बाहेर पाऊल टाकलं की कॅथेड्रल समोरच उभं असतं, रस्ता विचारायची गरज पडत नाही. मोठ्या बॅगा आत नेऊ देत नाहीत, त्या स्टेशनवरच्या लॉकरमध्ये ठेवा. लेकरांचं शू-शीही तिथंच उरकून घ्या. त्याला पैसे पडतात, म्हणून सुटी नाणी खिशात हवीत. ४४ अंशांतून आलेल्या पोरांना जूनमध्येही आत गारठा जाणवतो, स्वेटर असू द्या.

लगेच आत शिरू नका. समोरच्या चौकात काँक्रीटचं एक भलंमोठं फूल उभं आहे, सुमारे साडेनऊ मीटर उंच. मनोऱ्याच्या अगदी टोकाला जो दगडी तुरा दिसतो, त्याचीच ही खऱ्या मापाची प्रतिकृती. पोराला आधी याच्या बुडाशी उभं करा, मग वर बघायला लावा. वरचा तुरा करंगळीच्या नखाएवढा दिसतो आणि १५७ मीटर म्हणजे किती, हे एका शब्दाशिवाय कळतं.

‘हे जळलं होतं का?’ असं लेकरं विचारतातच. जळलेलं नाही. दगड मुळात फिका होता. कोळशाच्या धुरातलं गंधक पावसाच्या पाण्यात उतरलं, दगडाला लागलं आणि वर काजळी चिकटत गेली. परांच्याही कुठं ना कुठं बांधलेल्या दिसतील, कारण दुरुस्तीचं काम इथं कधी थांबतच नाही. ‘कॅथेड्रल पूर्ण झालं की जग बुडेल’ असं गावकरी म्हणतात ते उगाच नाही. पायाचा दगड १२४८ मध्ये बसला, तेव्हा देवगिरीवर यादव होते. काम पूर्ण झालं १८८० मध्ये, तोवर नागपूरला आगगाडी येऊन १३ वर्षं झाली होती. मधली सुमारे तीनशे वर्षं काम बंदच होतं आणि अर्धवट मनोऱ्यावर लाकडी क्रेन तशीच उभी होती. पोरांना राजे-बिशपांपेक्षा ही क्रेन जास्त लक्षात राहते.

आता मनोरा. त्याचं तिकीट वेगळं आणि दारही वेगळं, दक्षिणेच्या मनोऱ्याखाली. पायऱ्या ५३३, लिफ्ट नाही. सकाळी उघडताच चढा. जिना गोल आणि अरुंद आहे. चढणारे-उतरणारे त्याच पायऱ्यांवरून जातात, त्यामुळे दुपारी गर्दी झाली की प्रत्येक वळणावर भिंतीला चिकटून उभं राहावं लागतं. पायरी आतल्या खांबाकडे निमुळती होते आणि पाय तिथंच सटकतो. लेकराला बाहेरच्या भिंतीकडून चालवा, उतरताना मोठ्या माणसानं त्याच्या पुढं राहायचं. सहा-सात वर्षांखालच्यांना नेऊ नये असं आमचं स्पष्ट मत आहे. दीडदोनशे पायऱ्यांनंतर ते ‘कडेवर घे’ म्हणतात, आणि कडेवर लेकरू असलं की पायाखालची पायरी दिसत नाही.

अर्ध्या वाटेवर घंटाघर लागतं, तिथं थांबून दम खा. १९२३ मध्ये ओतलेली २४ टनांची घंटा इथं आहे. गावातले लोक तिला लाडानं ‘जाड्या पीटर’ म्हणतात. ती मोठ्या सणांनाच वाजते, पण बाकीच्या घंटांपैकी एखादी अचानक वाजली तर लहानगं दचकून रडतं. कानावर हात ठेवायचे हे आधीच सांगून ठेवा. २०११ च्या जानेवारीत या घंटेचा सुमारे ८०० किलोचा लोळा तुटून खाली पडला होता. हे ऐकलं की दमलेली पोरं पुन्हा ताजी होतात. वरचा सज्जा जाळीनं बंद आहे, त्यामुळे पडायची भीती नाही, फोटोत मात्र जाळी येते. भिंतींवर नावं कोरलेली दिसतील. आपल्या नरनाळा किल्ल्यावर जे चालतं ते इथंही चालतं. चढ-उतारीला तासभर धरा.

खाली येईपर्यंत ऊन वर आलेलं असतं आणि खिडकी बघायची वेळ तीच. दक्षिणेकडच्या बाजूला चित्रकार गेरहार्ड रिख्टर यांची २००७ ची काच आहे: ७२ रंग, ११,२६३ चौकोन, देवाचं चित्र एकही नाही. ऊन थेट आलं की फरशीवर रंग सांडतात. पोरांना त्यात हात धरू द्या. ढगाळ दिवशी यातलं निम्मं जातं.

बाळ येशूच्या भेटीला आलेल्या तीन राजांचे म्हणून मानलेले अवशेष ठेवलेली सोनेरी पेटी मुख्य वेदीच्या मागे आहे. तिच्यासाठी जग येतं, पण लांबून बघावी लागते आणि लेकरांच्या उंचीवरून फारसं काही दिसत नाही. त्यापेक्षा खांबावरचा संत क्रिस्तोफर शोधायला लावा. खांद्यावर बाळ येशूला घेऊन नदी पार करणारा हा दांडगा माणूस बघून आपली लेकरं ‘वसुदेव!’ म्हणतात, आणि गोष्ट निम्मी सांगून झालेली असते.

रीतीभाती थोड्या वेगळ्या. चपला दाराशी काढायच्या नाहीत. टोपी मात्र पुरुषांनी आणि पोरांनी काढायची. लाल झग्यातले सेवक खूण करून सांगतात, ते रागावलेले नसतात. बाकांपुढची खालची फळी गुडघे टेकायची आहे, तिच्यावर बूट ठेवू देऊ नका. नाणं टाकून मेणबत्ती लावता येते आणि लहानांना हे काम फार आवडतं. प्रार्थना चालू असताना फिरू देत नाहीत, म्हणून रविवारची सकाळ टाळा.

आत खायला बंदी आहे. धपाटे-चटणीचा डबा बाहेर स्टेशनकडे उतरणाऱ्या पायऱ्यांवर सोडा. चौकात वारा सुसाट असतो, कागदी प्लेटा नेऊ नका.